गाडी आपली, लॉगिन कंपनीचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली नाक्याच्या परिसरातल्या काही ट्रकमालकांचे हिशेब माझ्याकडे असतात. जीएसटी, रिटर्न, कर्जाच्या फायली, विम्याची नूतनीकरणं. ट्रकच्या पोटातलं मला फारसं कळत नाही, पण ट्रकची बिलं मी अनेक वर्षं वाचत आले आहे. पूर्वी त्यांत पाटे, क्लच प्लेट, नोझल सर्व्हिस, रिमोल्ड टायर असं काहीबाही असायचं आणि तळाशी मिस्त्रीची मजुरी, तीही बऱ्याचदा सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेली. "असलं बिल ऑडिटला चालत नाही हो," म्हणून मी मालकांशी भांडायचे. आता बिलं छापील येतात, जीएसटी नंबरासकट. माझ्या कामाच्या दृष्टीने सोन्यासारखी. फक्त त्यांत एक नवी ओळ असते. कधी ती ‘डायग्नोस्टिक चार्जेस’ म्हणते, कधी ‘रीसेट’, कधी ‘सॉफ्टवेअर अपडेट’. तिच्यासमोर एकही सुटा भाग लिहिलेला नसतो.

या ओळीचा अर्थ मला नीट कळला तो मागच्या गळीत हंगामात. माझ्या एका अशिलाचा एकुलता एक ट्रक कागलच्या फाउंड्रीतलं कास्टिंग चाकणला पोचवतो. एके रात्री कऱ्हाडच्या पुढे गाडीने पिकअप सोडला, डॅशबोर्डवर दिवा लागला, आणि पुढचा घाट अंगावर घेण्यापेक्षा ड्रायव्हरने ती वळवून रांगत रांगत शिरोलीला आणली. सकाळी शौकतभाई मिस्त्रींनी गाडीखाली शिरून कारण शोधलं. सायलेन्सरजवळ धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर असतो, त्याची वायर क्लॅम्पला घासून तुटली होती. त्यांनी ती जोडली, वर स्लीव्ह चढवली, क्लॅम्प सरकवला. चहा गार व्हायच्या आत काम झालं. दिवा मात्र विझेना आणि गाडीचा जोर परत येईना.

"वायर तुटली हुती, जोडली," शौकतभाई मला नंतर म्हणाले. "आता गाडीला कोण सांगणार जोडली म्हणून? तिला आमचं पटतच न्हाई. लॉगिनवाल्याचंच पटतंय."

मग टोचन. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपर्यंत. तिथे रांग, मग रविवार, मग ज्याच्याकडे कंपनीच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन आहे तो मुलगा दुसऱ्या साइटवर गेलेला. शेवटी तो आला, लॅपटॉप जोडला, काही बटणं दाबली, दिवा विझला. कुठल्या कंपनीचा ट्रक ते मी लिहीत नाही, आणि लिहून उपयोगही नाही, कारण नाक्यावरचे मिस्त्री सगळ्यांबद्दल हेच सांगतात. बिलात टोचनचं भाडं होतं, रीसेट होतं. गाडी खडी राहिली त्या दिवसांचा हप्ता, ड्रायव्हरचा भत्ता आणि चाकणच्या गिऱ्हाईकाने दुसऱ्याला दिलेली खेप मात्र कुठल्याच बिलात येत नाही. ती माझ्या वहीतही येत नाही. बुडालेल्या भाड्याला हिशेबात खातं नसतं.

इथे थोडं यंत्राचं सांगायला हवं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे गाड्यांच्या धुराचं सरकारी मानक आलं. बीएस ५ आपण गाळलं आणि चारवरून थेट सहावर उडी घेतली. धुराड्यातून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी आता मोठ्या ट्रकच्या एक्झॉस्टमध्ये युरियाचं पाणी फवारतात. डिझेलच्या टाकीशेजारी त्याची वेगळी छोटी टाकी असते. काजळी अडवायला फिल्टर असतो. तो भरला की आतली उष्णता वाढवून काजळी जाळावी लागते, याला रीजनरेशन म्हणतात. हे सगळं नीट चाललंय की नाही यावर सेन्सर पाळत ठेवतात आणि इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, त्यांचं ऐकतो. काही बिघडलं तर आधी इशारा, मग जोर कमी. बीएस ६ ज्यावरून घेतलं त्या युरोपच्या युरो ६ नियमांत पहिल्या पायरीला इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, एक चतुर्थांशाने उतरतो, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर गाडी ताशी २० किलोमीटरच्या वर जात नाही. मालकाने युरियाऐवजी नुसतं पाणी ओतून पैसे वाचवू नयेत म्हणून ही शिक्षा आहे. योग्यच आहे. मालक ते करतात, मला माहीत आहे. युरियाची बिलं अचानक बंद झाली की मला कळतं.

पण शिक्षा उठवायची कशी? काही बिघाड दुरुस्त झाल्यावर गाडी थोडी पळाली की ईसीएम आपोआप माफ करतो. काही वेळा करत नाही. तिथे कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. फिल्टर फार भरला तर सक्तीचं रीजनरेशन बाहेरून सुरू करावं लागतं, त्यालाही सॉफ्टवेअर. आणि शौकतभाईंच्या जिवाला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे इंजेक्टर, इंजिनात डिझेल फवारणारा भाग. कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना दाबाने डिझेल देणाऱ्या इंजिनात बहुधा प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड कोरलेला असतो. कारखान्यात तपासताना तो इंजेक्टर ठरल्यापेक्षा किंचित जास्त डिझेल सोडतो की कमी, ते त्या कोडात असतं. नवा इंजेक्टर बसवला की त्याचा कोड ईसीएमला सांगावा लागतो, मगच तो डिझेलचं माप त्याप्रमाणे जुळवतो. इंजेक्टर काढणं, खालचा वॉशर बदलणं, नेमक्या ताकदीने आवळणं हे सगळं शौकतभाईंचे हात डोळे मिटून करतात. उरतो तो कोड. इंजेक्टरच्या डोक्यावर उघड दिसतो, वाचता येतो, कागदावर उतरवता येतो. टाकता येत नाही.

साधा स्कॅनर त्यांच्याकडे आहे. बाजारात मिळतो, बिघाडाचा नंबर दाखवतो, काही सेन्सरची आकडेवारीही देतो. म्हणजे वाचायला मुभा आहे. लिहायला नाही. बरं, त्या नंबराचा अर्थही अनेकदा अर्धाच कळतो, कारण कुठला नंबर आल्यावर कुठल्या क्रमाने काय तपासायचं, कुठल्या पिनवर किती व्होल्ट हवेत, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि तेही लॉगिनच्या पलीकडे. मग अंदाजाने सेन्सर बदलायचे. नॉक्स सेन्सर ही काही स्वस्त वस्तू नव्हे, आणि तुटलेल्या वायरीसाठी नवाकोरा सेन्सर बसवल्याची बिलं मी पाहिली आहेत.

‘जुन्या मिस्त्रींना नवं तंत्र जमत नाही’ हे वाक्य मी बँकेत, शोरूममध्ये, अगदी आमच्या सीए मंडळींच्या तोंडूनही ऐकलंय. ते मला पटत नाही. १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेन्झबरोबर ट्रक बांधायला सुरुवात केली तेव्हा आपल्या हमरस्त्यांवर डिझेल ट्रक दुरुस्त करणारी माणसं होती किती? शिकली. मायको कंपनीचा डिझेल पंप आला, शिकली. त्या पंपाचं टायमिंग, कॅलिब्रेशन, नाशिकच्या कारखान्यातून येणारी नोझल, हे सगळं इंग्रजी न वाचता शिकलेल्या माणसांनी हा देश रस्त्यावर पळता ठेवला. टर्बो आला, पॉवर स्टिअरिंग आलं, एअर ब्रेक आले. प्रत्येक वेळी मिस्त्रीने एक गाडी उघडली, थोडी बिघडवली, आणि पुढची नीट केली. कोल्हापुरात तर उघडून बघून बनवण्याची परंपराच आहे. परदेशी कॅमेरा परवडेना तेव्हा बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८च्या सुमारास इथेच चित्रपटाचा कॅमेरा बनवला. उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे भाग ओतणाऱ्यांनी कुणाकडून परवाना आणला नव्हता. शौकतभाईंचा मुलगा इरफान आयटीआय झालेला आहे, मल्टिमीटर आणि वायरिंग डायग्राम त्याला आपल्यातुपल्यापेक्षा बरं कळतं. या बापलेकांना शिकायला काही अडचण नाही. त्यांनी एकदा सॉफ्टवेअर विकत घ्यायची तयारीही दाखवली होती. उत्तर मिळालं, डीलर नसाल तर मिळत नाही.

आता कंपन्यांची बाजू. ती निव्वळ बहाणा आहे असं मी म्हणणार नाही, कारण मायकोच्या पंपाची गोष्ट मला ठाऊक आहे. त्या पंपावर जास्तीत जास्त डिझेल किती जावं ते ठरवणारा स्क्रू असायचा आणि त्यावर शिशाचं सील. आमच्या मिस्त्रींनी ती सीलं किती फोडली असतील याची गणती नाही. घाटात पिकअप हवा, मालक म्हणतो वाढव, वाढवला. मग मागच्या दुचाकीवाल्याचं तोंड काळं. आज तोच खेळ महाग झालाय. युरियाची यंत्रणा बंद पाडून ईसीएमला ‘सगळं ठीक आहे’ असं खोटं सांगणारी डबी मिळते, तिला एम्युलेटर म्हणतात. युरोपातही ती खपते, तिथले पोलीस रस्त्यावर ट्रक अडवून शोधतात. कंपनी म्हणते, सॉफ्टवेअर खुलं केलं तर हेच वाढेल. शिवाय आता ब्रेकसुद्धा इलेक्ट्रॉनिक, चोरीविरोधी कुलूपही त्याच संगणकात. कुणाच्या हाती काय द्यायचं?

प्रश्न रास्त आहे. पण जरा बारकाईने बघितलं तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच कुलपात घातलेल्या दिसतात. इंजिनाचा नकाशा, म्हणजे किती डिझेल, कुठल्या क्षणी, किती युरिया, हे बदलण्याची सोय कुणालाही देऊ नये, त्याला माझं अनुमोदन. मात्र अस्सल इंजेक्टरचा अस्सल कोड टाकल्याने धूर वाढत नाही, न टाकल्याने वाढू शकतो. भरलेला फिल्टर साफ केल्याने हवा बिघडत नाही. तुटलेली वायर जोडल्यावर सेन्सरला पुन्हा तपासून घे म्हणणं हा प्रदूषणाचा गुन्हा कसा? आणि गंमत अशी की जिथे सरळ दार बंद आहे तिथेच ती डबी विकणारा पोचतो. रीसेटसाठी टोचन, रांग आणि खडी गाडी. डबीवाला मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर एका मेसेजच्या अंतरावर, नाक्यावर येऊन तासाभरात बसवून जाणार. हप्त्याखाली दबलेला मालक काय निवडेल? कंपनीचंच सॉफ्टवेअर चोरून फोडलेल्या आवृत्त्याही अशाच फिरतात. त्यातून काम होतं, कधी ईसीएम कायमचा मरतो, आणि मग मिस्त्रीची अब्रू जाते.

आपल्या देशात या विषयावर कुणी बोललंच नाही असं नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारकंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्यांनी स्वतःच्या साखळीबाहेर मिळू दिली नव्हती. स्वतंत्र गॅरेजांना ती उपलब्ध करून द्या, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असंही आयोगाने बजावलं. तो आदेश मी छापून काढला होता. वाचताना अंगावर मूठभर मांस चढलं. मग लक्षात आलं की प्रकरण मोटारींचं आहे, ट्रकचं नाही. शिवाय दंडाविरुद्ध कंपन्या अपिलात आणि उच्च न्यायालयात गेल्या, तारखा चालू राहिल्या. पुढे २०२२ साली ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. कंपन्यांनी आपली माहिती तिथे द्यावी अशी अपेक्षा आहे. सक्ती करणारा वेगळा कायदा अजून झालेला नाही.

तिकडे युरोपात गोष्ट थोडी पुढे गेली आहे, आणि तीही ट्रकच्याच बाबतीत. जड वाहनांसाठी युरो ६ आणणारा त्यांचा २००९ चा कायदा आहे, त्याच्या सहाव्या कलमात स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना तपासणीची माहिती, साधनं आणि सॉफ्टवेअर आडकाठी न घालता द्यावं असं लिहिलं होतं; २०२० पासून ही तरतूद २०१८ च्या दुसऱ्या कायद्यात हलवली आहे. धुरावर बंधन आणि दुरुस्तीला मोकळीक या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कायद्यात घातल्या. शिरोलीला पहिली पोचली. दुसरीचा मागमूस मला नाक्यावर दिसत नाही.

अर्थात कागदावर लिहिलं म्हणजे झालं असं तिथेही नाही. फियाट क्रायस्लर या मोटारकंपनीने गाडीच्या संगणकात लिहिण्यासाठी आधी नोंदणी, पैसे भरून सभासदत्व आणि कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडणी अशा अटी घातल्या होत्या. जर्मनीतल्या दोन दुरुस्ती कंपन्या कोर्टात गेल्या. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की कायद्यात नसलेल्या अटी उत्पादकाने घालायच्या नाहीत, सुरक्षेचं कारण पुढे करूनसुद्धा. महिनाभराने, ९ नोव्हेंबरला, स्कॅनिया या स्वीडिश ट्रककंपनीचा निकाल लागला. स्कॅनियाच्या संकेतस्थळावर गाडीची माहिती मिळायची, पण एकेक गाडी हाताने शोधा, एकेक पान बघा अशा पद्धतीने. न्यायालय म्हणालं, संगणकाला थेट वापरता येईल अशा स्वरूपात द्या, चासी नंबरांसह. हा दुसरा निकाल मला जास्त आवडतो. द्यायचं नाकारायचं नाही, पण असं द्यायचं की घेणारा थकून जाईल, ही कला आपल्याकडच्या कचेऱ्यांत वावरलेल्या माणसाला सांगायला नको.

अमेरिकेत २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काला ८५ टक्क्यांहून जास्त मतांनी कौल दिला. तो मुख्यतः मोटारींचा होता. जड ट्रकसाठी २०१५ साली उत्पादक आणि स्वतंत्र दुरुस्तीवाले यांच्यात सामंजस्य करार झाला, २०१० आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरता. करार ऐच्छिक, म्हणजे पाळला नाही तर सरकार येऊन कान धरत नाही. ट्रॅक्टरचंही तेच दुखणं निघालं आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर खटला भरला. आमच्या भागात ऊस वाहणारे ट्रॅक्टर अजून तरी पान्याने खुलतात. अजून तरी.

या सगळ्यात मोठ्या फ्लीटवाल्यांचा आवाज का ऐकू येत नाही, असा प्रश्न मला पडायचा. उत्तर त्यांच्याच कागदपत्रांत मिळालं. शेकडो गाड्या घेणाऱ्याला कंपनी वार्षिक देखभालीचा करार देते, त्याच्या आवारात माणूस बसवते, लॅपटॉपसकट. गाडीतल्या सिमवरून बिघाडाची खबर ड्रायव्हरच्या आधी कंपनीला लागते. त्याची गाडी क्वचितच रांगेत असते. सॉफ्टवेअरचं कुलूप त्याला टोचत नाही, उलट एका गाडीवाल्या स्पर्धकाला टोचतं हे त्याच्या फायद्याचंच. आपल्याकडे बहुतेक ट्रक एक-दोन-चार गाड्या असणाऱ्यांचे आहेत. त्यांचा सर्व्हिस इंजिनिअर म्हणजे शौकतभाई. रात्री दोनला फोन उचलणारा, पैसे पुढच्या खेपेला दे म्हणणारा. अधिकृत सेंटरला उधारी चालत नाही, आणि का चालावी? पण हमरस्त्यावरच्या उधारीवर किती गाड्या चालतात हे माझ्यासारखं कुणी बघितलेलं नसेल.

इरफानने मधल्या काळात एका अधिकृत सेंटरमध्ये नोकरी धरली. पगार वेळेवर, गणवेश, प्रशिक्षणही चांगलं. त्याला लॉगिन मिळालं. दिवसा तो तिथे इंजेक्टरचे कोड टाकतो आणि संध्याकाळी वडिलांच्या गॅरेजमध्ये येऊन त्याच इंजेक्टरांकडे बघत बसतो. लॉगिन बाहेर वापरलं तर नोकरी जाईल, आणि त्याने ते कधी वापरलेलं नाही. शौकतभाईंनीही कधी मागितलं नाही. मी एकदा सहज विचारलं तर ते रागावलेच. "पोराला चोरी शिकवू व्हय?" त्याच दिवशी त्यांनी मला अर्ज लिहायला सांगितला.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्यांची एक सैलसर संघटना आहे, गणपतीची वर्गणी आणि आजारपणाची मदत एवढ्यापुरती. तिच्या नावाने ग्राहक व्यवहार खात्याला आणि स्पर्धा आयोगाला द्यायचा अर्ज मी सध्या लिहिते आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी भरपूर कायदा घातला होता. युरोप, अमेरिका, २०१४ चा आदेश, सगळं. शेवटी मागणी लिहिली, ‘स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना तपासणी सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध करून द्यावे.’

शौकतभाईंनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. युरोपवाला परिच्छेद त्यांना आवडला, स्कॅनियाचं नाव दोनदा मोठ्याने वाचलं. मग ‘विनामूल्य’वर बोट ठेवलं.

"हे काढा ताई. फुकट कशाला? महिन्याचं भाडं घ्या म्हणावं, दिवसाचं घ्या, गाडीमागं घ्या. आमच्या नावावर नोंद ठेवा, कुठल्या मिस्त्रीनं कुठल्या गाडीला काय केलं. म्हंजे डबी बसवणारा बी सापडंल."

मी ते तसंच लिहून घेतलं. नोंद ठेवण्याची कल्पना माझ्या डोक्यात आली नव्हती, आणि हिशेब लिहिणारी मी आहे.

"आणि सगळं एकदम मागू नका," ते म्हणाले. "आधी इंजेक्टरचा कोड मागा. मग रीजनरेशन. वायर जोडल्यावरचं रीसेट तिसऱ्या नंबरला. मॅन्युअल मराठीत दिलं तर बरं, न्हाई तर इरफान वाचून दाखवंल."

त्या क्रमाने लिहिलं. संघटनेचा शिक्का नव्हता, तो करायला दिलाय. गुरुवारी मिळेल म्हणाले.